कुंदनचा वाटा

पिंपळनेरच्या आसपासच्या गावांत एक काळ असा होता, की घरातलं वाळलेलं मटण खायचं की टाकायचं हे भागाबाई ठरवायची. बायका पदराखाली एखादा तुकडा झाकून तिच्या ओट्यावर यायच्या. ती तो तुकडा हातात घ्यायची, नाकाशी न्यायची आणि दोन्ही हातांनी मोडायची. कट्ट आवाज होऊन मोडला तर बरं. नुसता वाकला तर समोरच्या बाईचं तोंड उतरायचं, कारण पुढचं वाक्य काय येणार हे सगळ्यांना पाठ होतं.

"वाकनं का फेकी देवानं. इचार करानं नही."

काही जणी गयावया करायच्या. नुसता वरून दमटपणा धरलाय, जरा उन्हात ठेवते, तव्यावर भाजून घेते. भागाबाईचा जीव त्याने विरघळत नसे. एवढं कष्टाचं वाळवण उकिरड्यावर टाकायला लावणारी बाई लोकांना आवडेल तरी कशी? पाठीमागे तिला खडूस म्हणायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिच्याच ओट्यावर यायचे. खडूस तर ती होतीच. तिचं तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिची रीत सासूकडून आलेली. चैत्रात गावाबाहेरच्या म्हसोबाला भाऊबंदांचा बोकड पडायचा आणि घराघराला वाटा यायचा. त्यातलं थोडं त्या दिवशी रश्शाला जायचं. उरलेल्याची चरबी ती नखाएवढीही शिल्लक ठेवत नसे, कारण चरबी खवट होते आणि सगळं घेऊन बुडते. मग बोटाहून बारीक लांबट पट्ट्या, मीठ, हळद आणि एक रात्र परातीत. सुटलेलं पाणी निथळून दाभणाने पट्ट्या सुतळीत ओवायच्या आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, कडक उन्हात टांगायच्या. माश्यांसाठी वर जुन्या लुगड्याचा विरळ पदर. दव पडायच्या आत खाली आणायच्या. असं त्या पुरत्या वाळेपर्यंत, आणि त्यानंतर चुलीवरच्या धुरात.

इथपर्यंत कुणीही करेल. खरी गोष्ट पुढे असते, ती म्हणजे ठेवण्याची. भागाबाई कोरं मडकं घ्यायची, तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्यावर पट्ट्या आणि तोंडाला पातळ फडकं. झाकण कधीच नाही. मडकं चुलीच्या वरच्या अंगाला शिंक्यात, म्हणजे रोजचा धूर लागत राहील. ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून पसरायचं, एकेक पट्टी मोडून बघायची, पुन्हा भरायचं. ओल्या हाताने मडक्याला शिवायचं नाही. कुंदन, तिचा धाकटा, लहानपणी पोहून आल्या आल्या मडक्यात हात घालत होता तर तिने त्याला अशी थप्पड लगावली होती, की तो मोठा होऊन सुरतेला कामाला गेल्यावरही लोकांना गालावर हात ठेवून ती गोष्ट सांगायचा.

एवढा कडकपणा तिच्यात उगाच आला नव्हता. ती नवी नवरी असताना थोरली जाऊ, रत्नाबाई, हिने भर पावसात मडकं काढलं. पट्ट्यांवर बुरा आला होता. रत्नाबाईने गरम पाण्याने धुतल्या, तेलात चांगल्या लाल करून तळल्या, काळा मसाला घातला. वास इतका छान सुटला की शेजारीही विचारायला आले. मोठ्या माणसांना नुसते उलट्या-जुलाब झाले. रत्नाबाईची धाकटी पोर, जेमतेम चालायला लागलेली, पिंपळनेरच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली. त्या दिवसापासून सासूने मडक्याचा कारभार भागाबाईकडे दिला, आणि भागाबाईने तो असा चालवला की तिच्या मडक्यातलं कधी काही बिघडलं नाही. निदान लोक तरी तसंच म्हणत.

त्या घराची आणखी एक पद्धत होती, आणि ही गोष्ट त्या पद्धतीवरच उभी आहे. ताजं मटण पाहुण्याला आणि वाळलेलं घरच्याला. पाहुणा आला की बाजारातून आणून रस्सा करायचा, त्याचा मान ठेवायचा. पण घरचं माणूस कामाला, शिक्षणाला, नाहीतर नांदायला बाहेरगावी असलं, तर बोकडातला त्याचा वाटा वेगळ्या सुतळीत ओवायचा आणि तो येईल त्या दिवशी त्याच्या ताटात घालायचा. त्याचा वाटा दुसऱ्याने खायचा नाही. फार दिवस झाले, पुढचा बोकड पडायची वेळ आली, तर आईने शिजवून खावा. आईने खाल्लं तर वाट्याला धक्का लागत नाही असं सासू सांगायची. ताटात ती काळी चिवट पट्टी पडली, म्हणजे माणसाने समजायचं की आपण नव्हतो तरी आपली जागा होती.

भागाबाईच्या घरात ती जागा एका माणसासाठी सगळ्यात जास्त दिवस राखली गेली, आणि तो म्हणजे कुंदन.

त्याचं असं झालं. तिचा नवरा अभिमन वैशाखात गेला. थोरला मुलगा सुकदेव धुळ्याला एका शाळेत कारकून, तो लगेच पोचला. कुंदन सुरतेच्या कापडाच्या कारखान्यात. त्याला निरोप गेला, पण पाळीवर असल्यामुळे मोबाईल कपाटात होता आणि निरोप उशिरा मिळाला. इकडे ऊन असं, की माणूस सावलीतही टिकेना. भाऊबंद म्हणाले, आता ठेवता येणार नाही. सुकदेवने होकाराची मान हलवली. कुंदन पोचला तेव्हा राख सावडायचीच बाकी होती. तो रडला नाही. त्याने सुकदेवकडे बघून विचारलं, "मनासाठे थांबता उनं नही का, दादा?" आणि दिवस उरकले त्या संध्याकाळी तो गेला. जाताना म्हणाला, की ह्या माणसाच्या घरचं पाणी मी पिणार नाही.

दोघांतलं कोण चुकलं हे आता कोण सांगणार? सुकदेव चुकला असं भागाबाईला कधी वाटलं नाही. कुंदन चुकला असंही वाटलं नाही. दोघांच्या मध्ये मात्र ती पार भरडली गेली.

पुढच्या चैत्रात तिने कुंदनचा वाटा वाळवला आणि भावकीतला मगन सुरतेला जात होता त्याच्याकडे दिला. मगनने तो तसाच परत आणला. म्हणाला, "अक्का, तो म्हने, मायले सांग, मना वाटा घर ऱ्हाऊ दे. मी सोता येसू एक दिन."

ह्या वाक्यावर ती बाई वर्षं काढू लागली. सोता येसू. म्हणजे त्याने दार पुरतं लावलेलं नाही. ज्या दिवशी तो येऊन वाटा खाईल, त्या दिवशी तो पुन्हा घरचा होईल, भावाभावांतला अबोला मिटेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं. दर चैत्रात ती त्याचा वाटा वाळवायची. पुढचा चैत्र आला की मागचा स्वतः शिजवून एकटी खायची आणि नवा टांगायची.

मग तिचे गुडघे गेले. गावच्या घरात एकटीने राहणं होईना, तेव्हा सुकदेव तिला धुळ्यातल्या देवपूरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, चांगला हवेशीर. सून हेमांगी स्वभावाने गरीब. सासूला दुपारचा चहा हातात आणून द्यायची, गुडघ्याला तेल लावायची. तक्रारीला जागाच नाही. पण घरात चूल नाही, धूर नाही, धाबं नाही. इमारतीच्या गच्चीवर समोरच्या मोहिनीताईंचे पापड-कुरडया वाळत असायच्या. त्या कडक माळकरी. तिथे मटणाची सुतळी टांगायची म्हणजे इमारतीत महाभारत झालं असतं.

तरी ह्या वर्षी चैत्रात ती गावी गेली, मगनच्या घरी राहिली, आणि कुंदनचा वाटा तिथल्याच धाब्यावर वाळवून मडक्यासकट घेऊन आली. मडकं गॅलरीत टांगलं. ज्येष्ठ निम्मा सरेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग हवा बदलली, आणि वास समोरच्या दारापर्यंत गेला. मोहिनीताई भांडल्या नाहीत. त्या येऊन एवढंच म्हणाल्या, "हेमांगी, आमच्याकडे देव आहेत हो." भांडल्या असत्या तर भागाबाईने उत्तर दिलं असतं.

हेमांगीने बाजारातून घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी आणली. "आई, ह्यात हवासुद्धा जात नाही. वासही येणार नाही आणि खराबही होणार नाही."

भागाबाईला कळत होतं. जन्मभर जिने मडक्याला झाकण लावलं नाही, तिला नाही कळणार? हवा आत जात नाही म्हणजे आतली ओलही बाहेर जात नाही. पण हे सुनेला सांगायचं कसं? सून भली, शेजार भला, मुलाला ह्याच इमारतीत जन्म काढायचा, आणि आपण पडलो आश्रित. असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलं होतं. तिने एकेक पट्टी मोडून बघितली, सगळ्या कट्ट मोडल्या, आणि बरणीत भरून झाकण फिरवलं. रोज उघडून वारा देऊ असं ती स्वतःशी म्हणाली.

बरणी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर गेली. तिथे तिचा हात पोचेना. पहिले काही दिवस तिने हेमांगीला सांगून काढवून घेतली. हेमांगीने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, पण स्टुलावर चढताना ती एक हात कमरेवर ठेवायची, आणि भागाबाईला ते दिसायचं. मग एक दिवस राहिला, मग दोन राहिले. बाहेर आभाळ भरलेलं, भिंतींना ओल, कपडे घरात वाळत होते. बरणी माळ्यावर बंद होती.

आणि अशात, इतक्या वर्षांनी, कुंदनचा आपणहून फोन आला.

"माय, आखाडमा येस मी. सरावन लागाना आगोदर. भाविकाले बी लई येस." भाविका त्याची मुलगी. भागाबाईने तिला नुसतं मगनच्या मोबाईलवरच्या फोटोत पाहिलेलं. "दादाना घरच येस. मना वाटा शे ना?"

"शे रे," भागाबाई म्हणाली. "ठेयेल शे."

फोन ठेवल्यावर तिला काय करू नि काय नको असं झालं. सुकदेव संध्याकाळी आला तेव्हा तिने सांगितलं. तो काढलेल्या चपला हातात घेऊनच म्हणाला, "येऊ दे. मी काही बोलणार नाही." त्याने दुसऱ्याच दिवशी हॉलमधला पंखा दुरुस्त करून घेतला. तेवढ्याने तिला कळलं की तोही वाट बघतोय. हेमांगीने भाविकासाठी फ्रॉक आणला. घरात सणासारखं वातावरण झालं, आणि त्या घरात भागाबाई आल्यापासून असं काही झालेलं नव्हतं.

कुंदन यायच्या आदल्या दिवशी तिने बरणी काढायला सांगितली. पट्ट्या रात्रभर भिजवाव्या लागतात. हेमांगीने बरणी ओट्यावर ठेवली. झाकण फिरवताना आत चिकटल्यासारखं लागलं, आणि भागाबाईचा हात तिथेच थांबला. मग तिने ते उघडलं.

वास आधी आला. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. वरच्या पट्ट्यांवर पांढरा बुरा, खालच्या बुळबुळीत. तिने एक उचलली आणि दोन्ही हातांनी मोडायला गेली. ती वाकली. दुसरी वाकली. तळाशी काही कोरड्या होत्या, त्या मोडल्यासुद्धा. पण एक बिघडली की सगळ्या गेल्या, हा नियम तिने दुसऱ्यांच्या घरांत इतक्यांदा चालवला होता की स्वतःसाठी दुसरा काढता येईना.

ती खाली फरशीवर बसली. हेमांगी घाबरली.

"आई, गरम पाण्यात मिठाने धुवू या. चांगलं कडक तळू. तळाच्या तर बऱ्या आहेत ना? तेवढ्या घालू. त्यांना काय कळणार आहे?"

भागाबाईने तिच्याकडे पाहिलं. हेच शब्द, हीच युक्ती. रत्नाबाईसुद्धा गरीबच होती, तिनेही वाईट चिंतलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भागाबाईच्या मनात तो विचार हेमांगीच्या आधी येऊन गेला होता. तळाच्या चार-दोन पट्ट्या. कुंदनच्या ताटात नुसती एक पडली तरी पुरे. मुलगा परत मिळतोय. पोटात थोडं दुखलं तर दुखलं, तरणाताठा आहे. मग तिला भाविका आठवली. बापाच्या ताटातलं पोर खाणारच. खाऊ नको म्हटलं तर हट्टाने खाणार.

"फेकी देवानं," ती म्हणाली.

"मग निदान फोन करून सांगू या. खराब झालं म्हणून."

"सांगं ते येवाव नही तो." सांगितलं तर तो यायचाच नाही, अशी तिला धास्ती होती.

तिने नुसतं कचऱ्यात टाकू दिलं नाही. कुत्रं खाईल, मांजर खाईल. इमारतीच्या मागे भिंतीजवळ हेमांगीकडून खड्डा खणून घेतला, बरणीसकट सगळं त्यात टाकलं, वर चुन्याची भुकटी टाकली आणि माती लोटली. गुडघे धरून ती तिथे उभी होती. त्या ओल्या मातीकडे बघताना तिला आपण काहीतरी अशुभ करतोय असं वाटलं. जिवंत माणसाचा वाटा मातीत घालत नाहीत. पण सडलेलं वाढत नाहीत हेही तिलाच ठाऊक होतं, आणि दोन्हीतलं एकच करता येणार होतं.

कुंदन आला तो दुपारी. केस पिकलेले, अंगाने सुटलेला. जिना चढून आल्यावर त्याने दारातच चपला काढल्या, आईच्या पाया पडला, आणि सुकदेवकडे बघून मान हलवली. सुकदेवने पाण्याचा तांब्या पुढे केला. कुंदनने तो घेतला आणि प्यायला. भागाबाईला रडू आलं, ते तिने भाविकाला जवळ घेण्यात लपवलं. एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं.

पानं वाढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, लिंबू आणि मटणाचा रस्सा. रस्सा हेमांगीने जीव ओतून केला होता. कुंदनने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि वाटीतला एक तुकडा बोटाने उलटा करून पाहिला.

"हाई ते ताजं शे."

"हा," भागाबाई म्हणाली.

"मना वाटा?"

"बिघडी गया रे. मना हातघाई बिघडी गया." भागाबाईने दोष स्वतःच्या हातावर घेतला.

कुंदन हसला. तिची थट्टा समजून तो हसला, आणि कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. "तुना हातघाई? माय, बठ्ठं गाव तुले इचारे. तुना हातघाई कधी काय बिघडनं का?"

"चूल नही आठे. बरणीमा भरं. झाकण लायं."

"तू झाकण लायं?"

ह्या प्रश्नाला ती काय सांगणार होती? मोहिनीताईंचे देव, सुनेची कंबर, आपलं आश्रितपण? ते सांगायचं म्हणजे सुनेवर आणि थोरल्यावर ढकलायचं, आणि त्यासाठी तर कुंदन टपूनच बसला असता. ती म्हणाली, "लायं." त्याच्या तोंडाकडे बघताच तिला कळलं, की त्याचा विश्वास बसलेला नाही. सगळ्या गावाने जन्मभर तिला जो मान दिला, तो आज असा आडवा आला.

कुंदनने सुकदेवकडे मान वळवली. आवाज चढवला नाही. "दादा, तुम्हना घरमा मना वाटा ठेवाले जागा नव्हती, ते तसं सांगानं. मायले खोटं बोलाले कशाले लावं?"

सुकदेवने न बोलण्याचं कबूल केलं होतं, पण इतकं ऐकून घेण्याचं कबूल केलं नव्हतं. तो ताटावरून उठला. "चाल खाले. उकरी दखाडस तुले. कालच पुरेल शे."

"ऱ्हाऊ दे दादा. मातीमा काय बी निंघी."

त्यानंतर कुंदन जेवला. हेच भागाबाईला सगळ्यात लागलं. तो ताट ढकलून उठला असता, ओरडला असता, तर तो तिचा कुंदन होता. तो नीट जेवला. हेमांगीला म्हणाला, "वहिनी, रस्सा मस्त झालाय." आग्रह केला तेव्हा पोटावर हात ठेवून नको म्हणाला, पाहुणे म्हणतात तसं. भाविकाने दोनदा रस्सा मागून घेतला आणि तोंड लाल करून बसली. ती एकटीच त्या घरात पोटभर जेवली.

मुक्कामाचं बोलून आलेला माणूस संध्याकाळच्याच गाडीला निघाला. कारखान्यात सुट्टी नाही म्हणाला. भागाबाई जिन्यापर्यंत गेली. तिथे त्याने भाविकाला पुढे पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "माय, नही देवाना व्हता ते सांगी देती. मी ऐकी लेतू. बिघडना म्हनीसन कशाले सांगस?"

"देवाना व्हता रे," ती म्हणाली. "तुले देवाना व्हता म्हनीसनच फेका."

त्याने मान डोलावली. समोरचं माणूस म्हातारं झालं, आता वाद कशाला, अशी ती मान होती. मग दारात उभ्या हेमांगीकडे बघून तो म्हणाला, "येतो मग. तुम्ही पण या सगळे एकदा सुरतला." आणि भाविकाचा हात धरून खाली गेला.

त्या दिवशी नंतर त्या घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. सुकदेव पेपर उलटा-सुलटा करत बसला. हेमांगीने भांडी आवरली आणि सासूजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते.

"माझंच चुकलं. मीच ती बरणी आणली."

"तू आणी. झाकण मी फिरायं."

"आई, तळाच्या चांगल्या होत्या त्या तरी घातल्या असत्या तर? कदाचित काहीच झालं नसतं."

कदाचित झालं नसतं, हे भागाबाईलाही माहीत होतं. कितीतरी घरांत काही झालेलं नव्हतं. लोक बुरा पुसून खातात आणि ढेकर देऊन झोपतात. तिने ज्या ज्या बायकांची मडकी रिकामी करवली, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कदाचित काहीच झालं नसतं. टाकून दिलेल्या तुकड्याने कुणाचा जीव वाचवला, हे कधी कुणाला दाखवता येत नाही. तिचं म्हणणं कुंदनला पटायला एकच रस्ता होता. तिने ते वाढायचं आणि भाविकाने आजारी पडायचं. त्याशिवाय दुसरा पुरावा तिच्यापाशी नव्हता, आणि तो तिला नको होता.

श्रावण लागला. कुंदन आता आईचा फोन उचलतो. पूर्वी उचलत नसे, भांडण होतं म्हणून. आता उचलतो, बरं आहे म्हणतो, गुडघे कसे आहेत विचारतो. यायचं नाव काढत नाही, आणि वाट्याचंही काढत नाही. भागाबाई दर वेळी पहिलं एकच विचारते.

"भाविका बरी शे ना?"

"बरी शे की," तो म्हणतो. "तिले काय व्हनार शे?"

ती फोन कानाशी तसाच धरून बसते. "हा," ती म्हणते, "तिले काय व्हनार शे."